मेरुरज्जूवरची गाठ काढणारे सर व्हिक्टर हॉर्स्ली



माध्यमिकच्या विज्ञानात चेतासंस्था शिकवताना मेंदूला आपण तीन-चार तासिका देतो आणि मेरुरज्जूला जेमतेम अर्धी. फळ्यावर मणक्यांची माळ काढायची, मधून एक दोरी ओढायची, प्रतिक्षिप्त क्रियेची कमान दाखवायची आणि पुढे जायचं. मुलंही फार विचारत नाहीत. पण त्या दोरीवर गाठ आली तर काय होतं, ती काढता येते का, पहिल्यांदा कोणी काढली, हे सांगून बघा. वर्ग शांत होतो. म्हणून आजच्या पाठासाठी मी सर व्हिक्टर हॉर्स्ली यांचे चरित्र निवडले आहे. आपल्याकडे हे नाव डॉक्टरांच्या बाहेर फारसे कोणी घेत नाही, पण मेंदू आणि मेरुरज्जूच्या शस्त्रक्रियेचा इतिहास त्यांच्याशिवाय सांगता येत नाही.

आधी त्या दोरीची थोडी ओळख करून घेऊ, म्हणजे पुढची गोष्ट नीट कळेल. मोठ्या माणसाचा मेरुरज्जू साधारण 42 ते 45 सेंटीमीटर लांब असतो आणि करंगळीएवढा जाड. तो मणक्यांच्या बोगद्यात सुरक्षित असतो आणि त्यातून चेतांच्या 31 जोड्या बाहेर पडतात. बोगदा हाडाचा, म्हणजे अजिबात न ताणला जाणारा. त्यात एखादी बदामाएवढी गाठ वाढू लागली तर जागा कोणी द्यायची? हाड देत नाही. मग मऊ मेरुरज्जूच दबतो. गाठ कर्करोगाची असो वा नसो, त्याला फरक पडत नाही. साधी, निरुपद्रवी म्हणता येईल अशी गाठसुद्धा इथे माणसाला पांगळे करते. पोटावर किंवा दंडावर हीच गाठ असती तर तिच्याकडे आयुष्यभर कोणी लक्ष दिले नसते. हा मुद्दा मुलांना जरूर सांगा, कारण साधी गाठ म्हणजे काळजी नाही असे आपण सगळेच समजून बसलेलो असतो.

व्हिक्टर हॉर्स्ली यांचा जन्म 14 एप्रिल 1857 रोजी लंडनमधील केन्सिंग्टन येथे झाला. वडील जॉन कॅलकॉट हॉर्स्ली हे नावाजलेले चित्रकार. नाताळचे छापील शुभेच्छापत्र पहिल्यांदा 1843 साली निघाले, त्यावरचे चित्र याच जॉन हॉर्स्लींचे. एक आत्या प्रसिद्ध अभियंते ब्रुनेल यांना दिलेली. राणी व्हिक्टोरियाची धाकटी मुलगी बीट्रिस हीसुद्धा नेमकी 14 एप्रिल 1857 लाच जन्मली, आणि या योगायोगामुळे राणीच्या संमतीने बाळाचे नाव व्हिक्टर ठेवले गेले. असे सगळे असूनही मुलगा दरबारी वळणाचा झाला नाही, उलट आयुष्यभर सत्तेतल्या माणसांशी भांडत राहिला. त्याविषयी पुढे येईलच.

शाळा केंट परगण्यातील क्रॅनब्रुकला झाली. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये वैद्यकीय शिक्षण. शिकाऊ डॉक्टर असताना त्यांनी एक विलक्षण उद्योग केला. भूल देताना माणसाच्या मेंदूत नेमके काय होते हे जाणून घ्यायचे होते. रुग्णाला विचारून उपयोग नाही, तो तर बेशुद्ध. मग यांनी स्वतःलाच भूल घेतली. एकदा नव्हे, दोनदा नव्हे, जवळजवळ पन्नास वेळा. (मुलांना हा भाग सांगताना जरा जपून बरं का. धाडस म्हणून सांगा, अनुकरणासाठी नको.)

1884 साली त्यांची नेमणूक लंडनच्या ब्राउन इन्स्टिट्यूशनमध्ये झाली. ही संस्था आजारी प्राण्यांचे रुग्णालय आणि संशोधनाची प्रयोगशाळा अशी दुहेरी होती. तिथल्या सहा वर्षांत त्यांनी जे काम केले ते एकेका माणसाच्या जन्माला पुरेल एवढे आहे. अवटु ग्रंथी म्हणजे थायरॉईड काढून टाकली तर माकडांमध्ये सुस्ती, सूज, मंदपणा ही लक्षणे दिसतात, असे त्यांनी दाखवले. म्हणजे माणसांतला तसाच आजार या ग्रंथीच्या कमतरतेने होतो. पुढे 1891 मध्ये त्यांचे विद्यार्थी जॉर्ज मरी यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून अशा रुग्णाला बरे केले. आज ज्या लाखो घरांत सकाळी उपाशीपोटी थायरॉईडची छोटी गोळी घेतली जाते, तिच्या मुळाशी हे काम आहे. पाश्चर यांच्या रेबीजच्या लशीची तपासणी करण्यासाठी ब्रिटनमध्ये 1886 मध्ये जी समिती नेमली तिचे चिटणीसही हॉर्स्लीच. ते पॅरिसला गेले, पाश्चर यांची पद्धत पाहिली, परत येऊन स्वतः प्रयोग करून ती खरी असल्याचे दाखवले. नंतर रस्त्यावरच्या प्रत्येक कुत्र्याला मुसके बांधा अशी मोहीम त्यांनी लावून धरली. श्वानप्रेमी मंडळी त्यांच्यावर भयंकर चिडली. पण 1902 पर्यंत ब्रिटनमधून रेबीज हद्दपार झाला.

याच काळात त्यांचे मुख्य काम चालू होते ते मेंदूवर. माकडांच्या मेंदूच्या पृष्ठभागावर अगदी सौम्य विजेचा स्पर्श करायचा आणि कुठला स्नायू हलतो ते टिपून ठेवायचे. अंगठा कुठून हलतो, खांदा कुठून, ओठ कुठून. असा एक नकाशाच तयार होत गेला. प्रयोगशाळेतला हा नकाशा माणसाच्या उपयोगी पडेल असा विश्वास लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधील पक्षाघात आणि अपस्मार यांच्या नॅशनल हॉस्पिटलला वाटला. फेब्रुवारी 1886 मध्ये तिथे शल्यचिकित्सक म्हणून त्यांना घेतले. वय वर्षे 28. त्याच वर्षी 25 मे रोजी त्यांनी 22 वर्षांच्या एका स्कॉटिश तरुणाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया केली. लहानपणी घोडागाडीची धडक बसून त्याच्या डोक्याला मार लागला होता आणि पुढे त्याला दिवसाला शेकडो झटके येत. मेंदूवरचा व्रण काढला, झटके थांबले. वर्षअखेरपर्यंत अशा दहा शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतला एकच रुग्ण दगावला. ज्या काळात कवटी उघडणे म्हणजे मृत्यूचा दाखलाच समजत, त्या काळातला हा आकडा आहे.

आता येऊ कण्याकडे. इथे थोडा वेळ थांबू, कारण खरी गोष्ट इथेच आहे.

एक लष्करी कॅप्टन. वय 42. 1884 पासून त्याच्या डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली दुखू लागले. दुखणे साधे नव्हते, जीव नकोसा करणारे होते. तो एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे गेला, हवापालट करून आला, औषधे घेतली. कोणी म्हणे चेतांचे दुखणे, कोणी छातीतल्या रक्तवाहिनीला फुगा आल्याची शंका घेई, कोणाला वाटे मनाचा खेळ आहे. बाहेरून काहीच दिसत नव्हते ना! सूज नाही, जखम नाही, ताप नाही. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून अकरा वर्षे होती. एमआरआयचे तर नावही नको. अशी तीन वर्षे गेली.

पालकहो, इथे एक आडवाट घेते. पोर रोज एकाच जागी दुखतंय म्हणतं, आणि शाळा बुडवायचं निमित्त म्हणून आपण त्याला गप्प करतो, असं होतं ना? बहुतेक वेळा ते निमित्तच असतं, हेही खरं. पण दुखणं एकाच जागी, रात्री झोपेतून उठवणारं, महिनोन्महिने टिकणारं, आणि त्यात पाय अडखळणं, पायांना मुंग्या किंवा बधिरपणा, लघवीवरचा ताबा सुटणं यांतलं काही जोडीला आलं, तर ते निमित्त नव्हे. तेव्हा डॉक्टरांकडे त्याच दिवशी जायचं. दोन दिवस वाट बघू म्हणायचं नाही.

कॅप्टनचेही तसेच झाले. 1887 च्या पूर्वार्धात त्याचे पाय कमजोर होऊ लागले. मग कडक झाले, त्यांत जीवघेणे पेटके येऊ लागले, आणि जूनपर्यंत दोन्ही पाय पूर्ण लुळे पडले. छातीच्या खाली स्पर्श कळेना, लघवी अडली. तेव्हा विल्यम गावर्स यांना बोलावण्यात आले.

गावर्स हे क्वीन स्क्वेअरचेच चेतारोगतज्ज्ञ. गुडघ्याखाली हातोडीने टिचकी मारल्यावर पाय उडतो, त्याला इंग्रजीत जे नाव रूढ आहे ते यांनीच दिलेले. लघुलेखनाचे त्यांना वेड होते. रुग्णाचा प्रत्येक शब्द टिपून घ्यायचे आणि विद्यार्थ्यांनीही लघुलेखन शिकावे म्हणून मागे लागायचे. त्यांच्याजवळ तपासणीची साधने कोणती? टाचणी, कापूस, हातोडी आणि कान. त्यांनी सगळी हकिगत ऐकली. दुखणे आधी एका बाजूला, पट्ट्यासारखे. म्हणजे एखाद्या चेतेचे मूळ चिमटले जात असणार. पाय नंतर गेले; म्हणजे ते चिमटणारे जे काही आहे ते वाढत वाढत आता मेरुरज्जूलाच दाबते आहे. दुखण्याने सुरुवात झाली, अशक्तपणा मागून आला. म्हणजे ते मेरुरज्जूच्या आत नसून बाहेरून दाबते आहे. स्पर्श कुठवर कळतो ती रेषा टाचणीने शोधली. म्हणजे ते साधारण कुठल्या मणक्याशी आहे तेही कळले. निदान झाले: पाठीच्या वरच्या भागात, मेरुरज्जूच्या बाहेरून दाब देणारी गाठ. एकाही यंत्राशिवाय! मला स्वतःला या गोष्टीत शस्त्रक्रियेइतकेच हे निदान मोलाचे वाटते. निरीक्षणावरून अनुमान कसे काढावे याचा याहून चांगला नमुना पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. वर्गात करून बघा. लक्षणे क्रमाने फळ्यावर लिहा आणि गाठ कुठे असेल ते मुलांनाच ओळखू द्या.

पण निदान झाले तरी पुढे काय? तोवर अशी गाठ दिसायची ती शवविच्छेदनाच्या टेबलावर. जिवंत माणसाच्या मेरुरज्जूवरची गाठ अशी आधी ओळखून, मग काढून, रुग्ण बरा झाल्याची नोंद तेव्हा कुठेच नव्हती. 9 जून 1887 रोजी हॉर्स्लींना बोलावले. त्यांनी रुग्ण पाहिला आणि त्याच दिवशी शस्त्रक्रियेला घेतला. दुसरा दिवस उजाडू दिला नाही, कारण दबलेला मेरुरज्जू किती तास तग धरेल हे कोणालाच सांगता येत नव्हते. मदतीला चार्ल्स बॅलन्स होते.

रुग्णाला भूल दिली. कार्बोलिक द्रावणाने सगळे निर्जंतुक करण्याची लिस्टर यांची पद्धत हॉर्स्ली काटेकोर पाळत. पाठीच्या मधोमध छेद घेतला, स्नायू बाजूला सारले, मणक्यांच्या मागच्या कमानी काढल्या. कमान म्हणजे काय, तर आपण पाठीवरून बोट फिरवल्यावर जे उंचवटे लागतात त्यांच्या बुडाशी असलेले हाडाचे छप्पर. छप्पर काढल्यावर मेरुरज्जूचे आवरण दिसते. ते उघडले.

आत गाठ नव्हती.

विचार करा, काय अवस्था झाली असेल! त्यांनी आणखी कमानी काढल्या. तरी नाही. सगळे आवरून जखम शिवून टाकावी अशी वेळ आली. रुग्णाचे रक्त जात होते, भुलेची वेळ वाढत होती, आणि प्रत्येक कमान काढण्यात मेरुरज्जूला धक्का लागण्याचा धोका होता. थांबले असते तरी त्यांना कोणी दोष दिला नसता. पण अजून एक कमान वर जाऊन बघायचे ठरले. आणि तिथे, मेरुरज्जूच्या डाव्या बाजूला, त्याला खोलवर दाबून बसलेली बदामाच्या आकाराची गाठ दिसली. ती सहज सुटून आली. तपासणीत ती साधीच गाठ निघाली, कर्करोगाची नव्हे.

गावर्स यांचा अंदाज चुकला होता का? नाही, आणि हेच समजावून सांगण्यासारखे आहे. मेरुरज्जू पाठीच्या कण्यापेक्षा लांबीने कमी असतो, त्यामुळे त्याचे भाग त्याच क्रमांकाच्या मणक्यांपेक्षा वरच्या पातळीवर येतात. शिवाय त्वचेच्या एका पट्ट्याला एकाच चेतामुळाचा पुरवठा असतो असे नाही, शेजारची मुळेही तिथे पोचतात. म्हणून एक मूळ दबले तरी त्या पट्ट्यातली जाणीव पूर्ण जात नाही, आणि बधिरपणाची रेषा गाठीच्या बरीच खाली दिसते. त्वचेच्या पुरवठ्याची ही सरमिसळ पुढे चार्ल्स शेरिंग्टन यांनी माकडांवर काम करून पक्की केली. हॉर्स्लींच्या नंतर ब्राउन इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांच्याच जागी आलेले शेरिंग्टन ते हेच. 1887 च्या त्या दुपारी मात्र ही माहिती कोणाच्या हाताशी नव्हती.

कॅप्टनचे काय झाले? लगेच चमत्कार झाला नाही. काही दिवस दुखणे उलट वाढले. मग हळूहळू पायांत हालचाल आली, स्पर्श परतला. वर्षभरात तो चालू लागला आणि दिवसभर काम करू लागला. गावर्स आणि हॉर्स्ली यांनी 1888 मध्ये या रुग्णाची हकिगत सविस्तर प्रसिद्ध केली. तिच्यासोबत त्यांनी पूर्वी मृत्यूनंतर आढळलेल्या अशा गाठींच्या जुन्या नोंदी गोळा करून मांडल्या आणि दाखवून दिले की त्यांतल्या पुष्कळ गाठी काढता येण्यासारख्या होत्या. म्हणजे ती माणसे विनाकारण गेली होती. हा लेख वाचून जगभरच्या शल्यचिकित्सकांचे हात सरसावले.

त्या ऑक्टोबरमध्ये हॉर्स्लींचे लग्न झाले. पत्नी एल्ड्रेड ब्रॅमवेल, अभियंते सर फ्रेडरिक ब्रॅमवेल यांची कन्या.

आता ही गाठ साधी होती आणि मेरुरज्जूच्या बाहेर होती, हे लक्षात घ्या. सगळ्या गाठी इतक्या समजूतदार नसतात. रक्तवाहिन्यांपासून बनलेली एक साधी गाठ असते, तिला हिमँजिओब्लास्टोमा म्हणतात. तीही कर्करोगाची नसते. पण ती बहुधा मेरुरज्जूच्या आतच रुतलेली असते, रंगाने लालभडक, आणि आजूबाजूला जाडजूड वेड्यावाकड्या रक्तवाहिन्यांचे जाळे. जवळ पाण्याची पोकळीही पुष्कळदा तयार झालेली असते. स्वीडनमधील आर्विड लिंडाउ यांनी 1926 मध्ये दाखवले की डोळ्याच्या पडद्यावरच्या, मेंदूतल्या आणि मेरुरज्जूतल्या अशा गाठी काही घराण्यांत एकत्र येतात. अशी गाठ एखाद्या फळासारखी चिरून तुकड्यांनी काढायला गेलो तर रक्ताची धार लागते आणि खालचे काहीच दिसेनासे होते. म्हणून तिला चिरायचे नाही. आधी तिला रक्त आणणाऱ्या बारीक रोहिण्या एकेक करून बंद करायच्या, मग गाठ आणि मेरुरज्जू यांच्यामधल्या सीमेवरून हळूहळू तिच्याभोवती फिरायचे, रक्त परत नेणारी मोठी शीर सर्वांत शेवटी सोडवायची, आणि गाठ अखंड बाहेर घ्यायची. शीर आधी बंद केली तर? रक्त आत येत राहील आणि बाहेर जायला वाट नाही, गाठ फुगून फुटेल. भरतीच्या वेळी खाडीचे तोंड बंद केल्यासारखे. क्रमाला इतके महत्त्व असलेले काम दुसरे क्वचितच असेल.

हे कौशल्य हॉर्स्लींच्या काळात शक्य नव्हते, पण रक्त थांबवण्याच्या विद्येचा पाया त्यांनी घातला. हाड कापले की त्याच्या छिद्रांतून रक्त झिरपत राहते, ते टाक्याने बांधता येत नाही. हॉर्स्लींनी 1892 मध्ये त्यावर उपाय सांगितला: मधमाशीचे मेण, थोडे बदामाचे तेल आणि सॅलिसिलिक आम्ल यांचे मिश्रण. हाडाच्या कडेवर ते दाबून लिंपायचे, छिद्रे बुजतात, रक्त थांबते. किती साधे! शल्यचिकित्सेत हाडाचे मेण आजही वापरतात. पुढची पावले इतरांनी टाकली. व्हिएन्नात आंटोन फॉन आयझेल्सबर्ग यांनी 1907 मध्ये मेरुरज्जूच्या आतली गाठ काढली. अमेरिकेत हार्वी कुशिंग यांनी रक्तवाहिन्या चिमटीत धरणाऱ्या चांदीच्या बारीक क्लिपा आणल्या, नंतर विजेने रक्त गोठवण्याचे तंत्र आणले आणि 1928 मध्ये पर्सिव्हल बेली यांच्यासोबत मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या गाठींवर पुस्तकच लिहिले. स्वित्झर्लंडच्या झुरिकमध्ये गाझी याशारगिल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली काम सुरू केले, आणि 1976 मध्ये मेरुरज्जूतल्या या लाल गाठी अखंड काढल्याचे अनुभव प्रसिद्ध केले.

हेच कुशिंग तरुणपणी, 1900 साली, हॉर्स्लींचे काम बघायला लंडनला आले होते. हॉर्स्लींनी त्यांना गाडीत घातले, एका रुग्णाच्या घरी नेले, चेहऱ्याच्या चेतेवरची अवघड शस्त्रक्रिया तासाभराच्या आत उरकली आणि पुढच्या कामाला निघून गेले. कुशिंग यांना ही घाई मुळीच पसंत पडली नाही. ते स्वतः एका शस्त्रक्रियेला अनेक तास लावणारे. कोण बरोबर? माझ्या मते दोघेही आपापल्या काळात. सुरक्षित भूल आणि रक्तपुरवठ्याची सोय नसताना वेग हाच रुग्णाचा मित्र होता. ती सोय जसजशी होत गेली तसतसा संथपणा परवडू लागला.

आता एक अवघड विषय, जो शाळेत टाळू नये असे मला वाटते. हॉर्स्लींचे जवळजवळ सगळे ज्ञान प्राण्यांवरच्या प्रयोगांतून आले. ब्रिटनमध्ये त्याविरुद्ध मोठी चळवळ होती आणि फ्रान्सेस पॉवर कॉब या तिच्या अग्रणी. 1892 मध्ये कॉब यांच्या नावाने निघालेल्या पुस्तकात प्रयोगांची भीषण वर्णने होती. प्राण्यांना भूल दिली होती, ही गोष्ट त्यांतल्या कित्येक ठिकाणी गाळली गेली आहे, असे हॉर्स्लींनी एका भर सभेत मूळ लेखांच्या आधारे दाखवून दिले. त्यांचा मुद्दा खरा होता, पण भाषा इतकी कठोर होती की त्यांच्या बाजूचे लोकही अवघडले. माणूस असाच होता. रुग्णाशी अतिशय मृदू, विरोधकाशी तलवारीसारखा. प्राण्यांचे दुःख मोजायला नको का, हा कॉब यांचा प्रश्न त्या वादात हरला असला तरी संपलेला नाही. वर्गात यावर वादविवाद घ्या, पण दोन्ही बाजूंना पुरेसा वेळ द्या. माकड नसते तर कॅप्टन चालला नसता, हे एका बाजूला. आणि त्या माकडाला कोणी विचारले नव्हते, हे दुसऱ्या बाजूला.

1902 मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. 1908 मध्ये रॉबर्ट क्लार्क यांच्यासोबत त्यांनी एक यंत्र प्रसिद्ध केले. डोक्याभोवती चौकट बसवून, तीन दिशांची मापे घेऊन, मेंदूतल्या खोल ठिकाणी नेमक्या बिंदूवर सुई पोचवायची. आपण भूमितीत एक्स, वाय, झेड अक्ष शिकवतो ना, तेच! गणिताच्या शिक्षकांनी हे उदाहरण जरूर वापरावे. त्यांनी ते प्राण्यांसाठी केले होते, 1947 पासून त्याच तत्त्वावर माणसांवर शस्त्रक्रिया होऊ लागल्या.

आयुष्याच्या उत्तरार्धात मात्र त्यांचा ओढा समाजकारणाकडे वाढला. दारूचे ते कट्टर विरोधक. 1907 मध्ये मेरी स्टर्ज यांच्यासोबत दारूचे शरीरावरील परिणाम सांगणारे पुस्तक लिहिले. स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून उघडपणे उभे राहिले आणि तुरुंगात उपोषण करणाऱ्या स्त्रियांना नळीने जबरदस्तीने अन्न घालण्याचा त्यांनी कडाडून निषेध केला. त्यांना पार्लमेंटमध्ये जायचे होते, ते काही जमले नाही. अनेक सहकाऱ्यांना वाटे की एवढे सोन्याचे हात असलेल्या माणसाने सभा-पत्रकांत वेळ घालवू नये. असे म्हणणे सोपे आहे. पण तीन वर्षे ज्याच्या दुखण्यावर कोणी विश्वास ठेवला नाही त्याच्यासाठी एक कमान वर जाणारा माणूस आणि तुरुंगातल्या बायकांसाठी भांडणारा माणूस, हे दोन वेगळे होते असे मला वाटत नाही.

1914 मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. वयाची सत्तावन्न वर्षे उलटलेली. लंडनमध्ये राहून मोठ्या हुद्द्यावर काम करता आले असते. ते इजिप्तमधल्या लष्करी रुग्णालयात गेले आणि 1916 मध्ये स्वतःहून मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकची, आघाडी मागून घेतली. इथे या गोष्टीचा आपल्याशी संबंध येतो. मेसोपोटेमियात लढणारे सैन्य मुख्यतः हिंदुस्थानातून गेलेले होते. त्यातली सहावी डिव्हिजन पुण्याच्या नावाने ओळखली जाई, आणि तीत 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. कुट या गावात या डिव्हिजनला तुर्कांनी वेढा घातला. उपासमार झाली, आणि 29 एप्रिल 1916 रोजी तिला शरण जावे लागले. जखमींचे तर अतोनात हाल झाले. पुरेशा बोटी नाहीत, तंबू नाहीत, बर्फ नाही, भाज्या नाहीत, औषधे नाहीत. उघड्या गलबतांत दिवसेंदिवस पडून राहिलेले जखमी बसऱ्याला येत आणि तिथून बोटीने मुंबईला. या अनास्थेची पुढे चौकशी झाली आणि 1917 च्या अहवालात हिंदुस्थान सरकारवर कडक ठपका ठेवला गेला.

हॉर्स्ली तिथे पोचले ते या गोंधळातच. स्वभावाप्रमाणे त्यांनी रुग्णालये पाहिली, उणिवा लिहून काढल्या, वरिष्ठांच्या मागे लागले. पिण्याचे पाणी, ताजे अन्न, रुग्णांना नेण्याची व्यवस्था. मेंदूचा जगद्विख्यात शल्यचिकित्सक भाजीपाल्यासाठी पत्रे लिहीत होता. जुलैतले तिथले ऊन म्हणजे आपल्या विदर्भातल्या मे महिन्यालाही मागे टाकणारे. तैग्रिस नदीकाठच्या अमारा गावी, भर उन्हात आजारी माणसाला बघायला ते पायी निघाले. उष्माघात झाला, ताप चढत गेला, आणि 16 जुलै 1916 रोजी त्यांचे निधन झाले. वय 59.

अमाराच्या युद्ध-दफनभूमीतच त्यांना मातीत ठेवले. तिथल्या मातीत क्षार इतके आहेत की कबरींवरचे दगड झिजू लागले. 1933 मध्ये सगळे दगड काढून टाकावे लागले आणि त्यांच्याऐवजी एक भिंत बांधून तिच्यावर नावे कोरली. त्यामुळे आज हॉर्स्लींच्या कबरीवर वेगळा दगड नाही, त्या भिंतीवरच्या हजारो नावांत त्यांचे एक आहे. हिंदुस्थानी सैनिकांची दफनभूमी निराळी आहे.